बारदाना

तिसऱ्या दिवशीही दुपारी दोनलाच काटा थांबला.
स्क्रीनवर तीच ओळ: नवी प्रक्रिया सुरू करता येत नाही.
फाटकाबाहेर सत्तावीस ट्रॅक्टर, धानावर ताडपत्र्या,
आणि आत मी, हा प्रोग्राम लिहिणारी,
नागपुरातल्या खोलीत बसून,
जिथे चाचणीला दिवसभरात चार पोती मोजली होती.
तीही खोटी.

बंद करून चालू केलं की चालतं.
कुलूप फोडून घरात शिरता येतंच;
किल्ली कुठे पडली ते कळत नाही, एवढंच.

रात्री अर्जुनीकडचा शेवटचा ट्रकही गेला.
धानाजवळ नको म्हणून इसारामने फाटकापलीकडे
तणसाची शेकोटी केली.
मी थंडगार टेबलावर यादी काढली.

एका पोत्याला एक लेकरू जन्माला घालतो माझा प्रोग्राम:
जा, पावती छाप, ये.
सगळ्यांनी छापली होती. सगळी संपली होती.
तरी यादीत होती, नऊशे ऐंशी,
प्रत्येकापुढे एकच शब्द: मृत.
काही खात नव्हती, काही मागत नव्हती,
एकेक नंबर मुठीत धरून दारात उभी.

इसारामला दाखवलं. त्याला अक्षरं दिसली नाहीत, रांग दिसली.
म्हणाला, ग्यानीराम मुकादम एकदा
हजरी न घेताच साकोलीला निघून गेल्ता.
आमी रातभर इथंच.
काम तं झालंच होतं बाई,
पन कोनी इचारलंच नाई, किती झाले म्हनून.
न इचारता जाचं कसं?

मी एक ओळ लिहिली.
थांब. विचार. ऐकून घे. मग सोड.
पहिलं लेकरू उत्तरलं: शून्य.
शून्य म्हणजे सगळं नीट झालं, मी सांगितलं.
इसाराम हसला,
आमच्यात शून्य म्हनजे पोतंच नाई उचललं.

पण एवढ्यानं भागत नव्हतं.
प्रत्येक पावतीची फाइल उघडी राहिली होती,
आणि उघडायलाही मोजकीच मिळतात,
बारदान्यासारखी.
फुलवंताची वही आठवली:
दिले, आले, फाटले.
हमालांत हाणामारी झाली त्या दिवशीही,
लाइट गेली त्या दिवशीही,
साहेब ओरडत होता तेव्हाही
रिकामी पोती झटकून, पन्नासाची गठडी बांधून
मगच तिनं गोदामाला कुलूप लावलं.
मीही तसंच लिहिलं:
मध्ये काहीही होवो, शेवटी हे बंद कर.

एकच लेकरू जिवंत उरलं होतं.
प्रिंटरमधला कागद संपलेला, त्याला कोणी सांगितलं नाही,
मंगळवारपासून ते वाट बघत होतं.
नऊ नंबरचा हुकूम दिला असता तर जागीच गेलं असतं,
हातातलं पोतं अर्धं सांडून.
आधी हाक दिली: आवर आता.
दहा सेकंद मोजायचं ठरवलं.
शेकोटीत तणस तडतडत होतं.
सातव्याला ते गेलं, आपली फाइल मिटून.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले.
सव्वादोन.
फुलवंतानं दोन गठड्या सोडल्या.
काटा चालत राहिला, मी यादी बघत राहिले:
येतात, छापतात, सांगतात, जातात.
कधी तीन, कधी पाच. कधी एकही नाही.
अशी रिकामी यादी मी किती वेळ बघत बसले कोण जाणे.

दिवेलागणीला खिडकीशी सावली पडली.
इसाराम. पाठीवर भुसा, खांद्यावर दुपट्टा.
मला वाटलं, सहज उभा आहे.
मग वाटलं, पाणी हवं असेल.
मग कळलं.

किती झाले, इसाराम?
एकशे बारा.
बरं, जा आता.

तो हलला नाही.
लिव ना आधी, बाई.